हौद्याचं कोटिंग घरी करा म्हणता, पण श्वासाचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गाड्यांच्या पानावर पिकअपच्या हौद्याला लायनर कोटिंग (पत्रा घासू-गंजू नये म्हणून देतात तो जाड, चिवट थर) घरी मारावं की प्रोफेशनलकडून मारून घ्यावं यावरचा लेख वाचला. लेख बरा होता पण सगळा हिशोब पैशाचाच, आणि शेवटी जाताजाता एक वाक्य टाकलंय की स्प्रे गन भाड्याने आणा, साधा मास्क लावा आणि गॅरेजमध्ये उरकून टाका. ते वाक्य वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र. मी स्वतः माझ्या गाडीला घरी रोलरने कोटिंग मारलंय, त्यामुळे घरी करणाऱ्यांच्या विरोधात मी नाही हे आधीच सांगतो.

माझं काय झालं ते ऐका. किटमध्ये डबा, रोलर, ब्रश सगळं येतं, त्यामुळे वाटतं आता फासायचं नि मोकळं व्हायचं. खरं काम त्याच्या आधीचं असतं. हौदा धुवायचा, पूर्ण सुकवायचा, ग्रीस-ऑइल सॉल्व्हंटने पुसून काढायचं, मग पॉलिश पेपरने जुन्या पेंटची चमक पार मारून टाकायची, परत पुसायचं, कारण चकचकीत पेंटवर हे कोटिंग धरतच नाही. मी अख्खा दिवस घासलं, सपाट भाग मस्त झाला, पण तळाच्या पन्हळींच्या कडा आणि फाळक्याच्या बिजागरीजवळचा कोपरा, तिथं हात पोचेना, बोल्ट काढायचा कंटाळा केला आणि भोवतीनं टेप लावून तसंच मारलं. एक पावसाळा गेला आणि त्या कोपऱ्यात नखाएवढा पोपडा उचलला. ओढून बघितला तर तळहाताएवढं सालपट हातात आलं आणि खाली जुना पेंट आरशासारखा चमकत होता, म्हणजे कोटिंगचा काही दोष नव्हता, तिथं मी घासलंच नव्हतं. मधला भाग मात्र आजही पक्का आहे, त्यावर लोखंडी सामान ओढलं तरी फक्त ओरखडे पडतात.

प्रोफेशनल काम वेगळं कशामुळे, तर मशिनमुळे. दोन केमिकल वेगवेगळ्या पाइपातून गरम करून येतात, गनच्या तोंडाशी जोरात एकत्र होतात आणि पत्र्यावर पडल्यावर काही सेकंदात धरतात, म्हणून उभ्या भिंतीवरसुद्धा ओघळत नाही आणि 3 मिलिमीटरच्या आसपास थर देता येतो. रोलरच्या दोन हातांत एवढी जाडी येत नाही. रोज दगड, विटा, लोखंड वाहणाऱ्याला हा फरक जाणवतो, महिन्यातून एकदा चार पोती टाकणाऱ्याला काय जाणवणार. पण मशिन भारी म्हणून काम भारी असंही नाही हं, घासणं तिथंही माणसालाच करायचं असतं, तेव्हा आधी विचारा की बोल्ट काढणार का, गंज साफ करणार का, का त्याच्यावरूनच मारणार. गंजावर मारलं तर आत गंज वाढतच राहतो आणि वरून काही दिसत नाही. आणि रंगाचंही विचारा, ॲरोमॅटिक प्रकारचं असेल तर उन्हात फिकं पडतं, ॲलिफॅटिक बराच टिकतं.

आता मुद्द्याचं. ही जी पॉलियुरेथेन, पॉलियुरिया कोटिंग आहेत त्यांच्यात आयसोसायनेट नावाचं, थर घट्ट करणारं केमिकल असतं. रोलरने मारताना ते हवेत कमी उडतं, तरी दारं उघडी, हातमोजे, जवळ विस्तव नाही एवढं पाळावंच लागतं. पण गनने उडवलं की त्याचे बारीक थेंब हवेत तरंगतात आणि थेट छातीत जातात. एकदा शरीराला त्याची ॲलर्जी बसली की पुढे अगदी थोड्याशा वासानेही दम लागू शकतो, आणि वास येत नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असंही धरून चालत नाही. अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्याचं काम बघणाऱ्या सरकारी संस्थेने 2006 मध्ये खास ट्रकच्या हौद्यावर स्प्रे करणाऱ्यांसाठीच इशारा काढला होता आणि त्याच्या नावातच दमा आणि मृत्यू हे दोन्ही शब्द आहेत. युरोपियन युनियनमध्ये तर 24 ऑगस्ट 2023 पासून 0.1 टक्क्यापेक्षा जास्त डायआयसोसायनेट (त्याच आयसोसायनेटचा प्रकार) असलेला माल कामावर वापरायचा तर आधी ट्रेनिंग सक्तीचं आहे. चांगल्या शॉपमध्ये स्प्रे करणाऱ्याच्या तोंडावर बाहेरून नळीने स्वच्छ हवा येणारा मास्क असतो, अंगभर सूट असतो, हवा खेचणारी बूथ असते. आणि आपण काय करणार, तर धुळीसाठीचा कापडी मास्क लावून शटर अर्धं खाली करणार, वर पोरं बघायला दारात उभी.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की रोलर घरी बिनधास्त मारा, वेळ काढून घासा, दमट दिवशी मारू नका (पाण्याशी रिॲक्शन होऊन बुडबुडे येतात, तेही मी एका बाजूला करून बसलोय), पण गनचं काम ज्याच्याकडे सोय आहे त्यालाच करू द्या. आणि तुम्ही त्या लेखातल्या साध्या मास्कच्या वाक्याची दुरुस्ती छापावी ही विनंती, कारण लोक लेख कापून ठेवतात आणि सुट्टीच्या दिवशी काढून तसंच्या तसं करतात.

माझा तो फाळक्याजवळचा कोपरा अजून उघडाच आहे. पाना आणलाय, या वेळी आधी बोल्ट काढतोय.

आपला,
एक पिकअपवाला वाचक