समेच्या पलीकडचं

पुणे, रविवार

प्रिय मिलिंद,

फोनवर आपलं बोलणं तुटक होतं, म्हणून हे सलग लिहायला बसलोय.

कथकच्या साथीला बसलो की आपला ठरलेला वाद आठवतो ना? तू म्हणायचास, साथीदाराची नजर पायांवर हवी. मी म्हणायचो, नाचणारीचा कान ठेक्यावर हवा. पण सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, दोघांची एकच, याबद्दल आपलं कधी दुमत नव्हतं. गेले पंधरा दिवस मी जे ऐकतोय, त्यानं तेच डळमळलंय.

२००३ साली अमेरिकेतले नृत्यकार मर्स कनिंगहॅम यांनी आपल्या कंपनीच्या पन्नाशीला ‘स्प्लिट साइड्स’ बसवलं. वय ८४. संगीत मागितलं दोन रॉक बँडांकडे, आइसलँडचा सिगुर रोस आणि इंग्लंडचा रेडिओहेड. प्रत्येकानं साधारण वीस मिनिटांचं संगीत करायचं, बस. लय, भाव, कुठे थांबायचं, काही सांगितलं नाही. नर्तकांच्या तालमी चालल्या शांततेत, घड्याळ लावून. शिवाय नृत्याचे भाग दोन, संगीत दोन, पडदे दोन, पोशाख दोन, प्रकाशयोजना दोन. त्यातलं आधी काय, हे फासे टाकून ठरवायचं. म्हणजे ३२ शक्यता! १४ ऑक्टोबरला ब्रुकलिनला पहिला प्रयोग झाला, तेव्हा दोन्ही बँड स्वतः वाजवायला होते.

मला खिळवून ठेवलं ते सिगुर रोसनं. चावी दिली की वाजणाऱ्या डब्या, धातूच्या पट्ट्यांवरचे बारीक टोल, आणि बॅलेचे बूट. हो, बूट! ते एका चौकटीवर बसवून, मायक्रोफोन लावून त्यांनी तालवाद्यासारखे वाजवले. नर्तकाचं पाऊल समोर नसताना त्याचं पादत्राण हाताखाली घेतलं, हे मला फार जवळचं वाटलं. आणि तुकड्यांची नावं ऐक : बा बा, ति कि, दि दो. संगीतात ही अक्षरं येतात ती खुद्द कनिंगहॅम यांच्या आवाजात. त्यांना आपले तबल्याचे बोल अभिप्रेत नसतीलही, पण मी ऐकता ऐकता मांडीवर ठेका धरलाच.

परवा क्लास सुटल्यावर मी तबल्यावर कापड टाकलं, हे संगीत हळू आवाजात लावलं आणि सईला म्हटलं, तीनताल मनात धर, तोडे कर, स्पीकरकडे जाऊ नकोस. दोनदा ती त्या आवाजामागे ओढली गेली. तिसऱ्यांदा चक्करं घेऊन समेवर उभी राहिली. संगीत आपल्या वाटेनं चाललंच होतं. तिची छाती वरखाली होत होती आणि पायातले घुंगरू थांबल्यावरही क्षणभर बारीक किणकिणत राहिले. मिलिंद, सहा वर्षं मी या मुलीला साथ करतोय. तो आवाज मी कधीच ऐकला नव्हता. एरवी तिथे मी वाजवत असतो.

संगीत आणि नाच असे मोकळे सोडण्याची ही रीत कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी चाळीसच्या दशकापासून घडवत आणली. त्याच केजना न्यूयॉर्कमध्ये भारतीय संगीताची ओळख करून दिली ती अहमदाबादच्या गीता साराभाईंनी. आणि त्या पखवाज वाजवायच्या. हे वाचलं तेव्हा पहिली आठवण तुझी झाली.

आपली साथ चुकीची होती असं मी म्हणत नाहीये. लेहऱ्यावर, त्या पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या सुरावटीवर, समेला भेटण्याचा आनंद मी कशासाठीही सोडणार नाही. पण साथ न करताही शेजारी असता येतं, हे मला आता करून बघायचंय.

दिवाळीला येशील तेव्हा पखवाज आण. त्याच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक मी मळून ठेवतो. तू सईकडे पाठ करून बस, वीस मिनिटं वाजव. ताल कोणता, चौताल घेणार की धमार, ते मला सांगू नकोस, तिला तर मुळीच नको. फासे आमच्याकडे सापशिडीचे आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश