बेल्ट दोनदा बदलला, जळण्याचे कारण तसेच राहिले

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोटारीत रबर जळल्याचा वास येऊ लागला की अनेक जण काचा खाली करून तो जाण्याची वाट पाहतात, किंवा गाडी गॅरेजमध्ये सोडून ‘जळका वास येतोय, बघा’ एवढेच सांगून परततात. वाट पाहणे धोक्याचे आहे हे उघडच आहे; परंतु एवढेच सांगून गाडी सोडणेही पुरेसे नाही, हे मला माझ्याच गाडीने शिकवले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

माझ्या गाडीचे इंजिन सकाळी सुरू करताच क्षणभर किंचाळल्यासारखा आवाज येई, आणि एसी लावून थोडे अंतर कापले की रबर करपल्याचा वास येई. गॅरेजमध्ये बॉनेट उघडून पाहिले तेव्हा इंजिनच्या पुढचा, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) आणि एसीचा कॉम्प्रेसर फिरवणारा बेल्ट आतल्या बाजूने काचेसारखा गुळगुळीत झालेला आढळला. तो बदलून मिळाला आणि वास थांबला. दोन महिन्यांच्या आत तोच आवाज आणि तोच वास परत आला. पुन्हा नवा बेल्ट बसवण्यात आला. तिसऱ्या वेळी गाडी दुसऱ्या मेकॅनिकला दाखवली. त्याने इंजिन बंद करून बेल्ट उतरवला आणि बेल्टच्या वाटेवरील प्रत्येक पुली हाताने फिरवून पाहिली. टेन्शनरची (बेल्ट ताणून धरणाऱ्या भागाची) पुली खरखरत, अडत फिरत होती आणि त्याची स्प्रिंगही सैल पडली होती. एसीचा भार आला की पुरेसा ताण नसलेला बेल्ट घसरत होता आणि घर्षणाने तापून करपत होता. म्हणजे आधीच्या दोन्ही वेळी जळलेला भाग बदलला गेला, जाळणारा भाग जागेवरच राहिला.

या तपासणीतील एक बारकावा सांगण्यासारखा आहे. बहुतेक गाड्यांत एसी बंद असताना कॉम्प्रेसरची बाहेरची पुली आतल्या दांड्याशिवाय मोकळी फिरते. त्यामुळे पुली सहज फिरली म्हणून कॉम्प्रेसर निर्दोष ठरत नाही, मधला भागही फिरवून पाहावा लागतो. तसेच, पूर्वीच्या प्रकारच्या बेल्टवर वय झाले की तडे दिसत. आजच्या बेल्टचे रबर वेगळे असल्याने पुष्कळदा तडा न जाता खाचाच झिजून खोल होतात. ‘तडे नाहीत, बेल्ट चांगला आहे’ हा निर्वाळा म्हणून अपुरा आहे. हा बेल्ट तुटला तर अल्टरनेटर बंद पडून बॅटरी उतरू लागते, आणि ज्या गाड्यांत वॉटर पंपही त्याच बेल्टवर चालतो तेथे काही मिनिटांत इंजिन धोकादायक तापते.

मात्र प्रत्येक जळका वास बेल्टचा नसतो. चढावर किंवा गर्दीत हाफ क्लचवर गाडी धरून ठेवल्यानंतर येणारा वास क्लच प्लेटचा असतो. इंजिनचा वेग वाढूनही गाडी त्या प्रमाणात पुढे जात नसेल तर प्लेट झिजलेली आहे असे समजावे. थांबल्यावर एकाच चाकाजवळ वास येत असेल आणि ते चाक इतरांपेक्षा खूप तापलेले असेल, तर आधी हॅन्डब्रेक पूर्ण सुटला आहे का ते पाहावे आणि मग त्या चाकाचा ब्रेक अडकल्याचा संशय घ्यावा. (डिस्कला हात लावू नये; रिमजवळ तळहात नेला तरी उष्णता कळते.) येथेही केवळ पॅड बदलून भागत नाही. अडकलेल्या कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीड स्क्रू, म्हणजे ब्रेक ऑइल बाहेर काढण्याचा स्क्रू, सैल केल्यावर थोडे ऑइल बाहेर येऊन चाक मोकळे झाले, तर दाब आतच कोंडला गेला होता, आणि पुष्कळदा दोष आतून फुगलेल्या ब्रेक होजचा (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीचा) असतो. तरीही चाक अडलेलेच राहिले, तर कॅलिपरचा पिस्टन किंवा त्याच्या पिना गंजून जाम झालेल्या असतात. दोन मिनिटांच्या या चाचणीने निष्कारण होणारा खर्च वाचतो.

तप्त सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, वळताना चाकाच्या आतल्या आवरणाला घासणारा टायर, गॅस्केटमधून एक्झॉस्टवर ठिबकणारे ऑइल ही कारणेही नेहमीची आहेत, आणि ती गाडीखाली वाकून पाहिल्यास बहुधा सापडतात.

सर्वांत अधिक भीती वाटावी ती वायरिंगच्या वासाची. तो रबरापेक्षा उग्र, नाकाला झोंबणारा असतो. जादा दिवे किंवा म्युझिक सिस्टीम बसवताना तारा बेताच्या जाडीच्या वापरणे, आणि फ्यूज वारंवार उडतो म्हणून 10 अँपिअरच्या जागी 30 अँपिअरचा बसवणे, या दोन चुका मी अनेक गाड्यांत पाहिल्या आहेत. असा फ्यूज उडत नाही. त्याच्याऐवजी तार तापते. उंदरांनी कुरतडलेल्या तारांचाही परिणाम असाच असतो. हा वास आला की गाडी लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांनी उतरून दूर जावे, आणि बॉनेटखालून धूर येत असल्यास ते उघडू नये, कारण आत हवा शिरताच आग भडकते.

वाहनधारकांना माझी विनंती आहे की गाडी दाखवण्यापूर्वी वास केव्हा येतो याची नोंद करावी: इंजिन सुरू होताच की चालल्यावर, एसी लावल्यावर की ब्रेक दाबल्यावर, एका चाकाजवळ की बॉनेटजवळ. गॅरेजचालकांना विनंती अशी की, बदललेला भाग ग्राहकाला दाखवावा आणि तो का जळला ते कारण बिलावर लिहून द्यावे. माझ्या पहिल्या बिलावर ‘बेल्ट बदलला’ एवढेच होते; कारण लिहिण्याची रीत असती, तर ते शोधण्याचे कामही त्याच दिवशी झाले असते.

आपला,
एक वाहनधारक वाचक