गृहमंत्री महोदय, व्यासपीठावरच्या चिथावणीला कायदा कधी लागणार?

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

७ जून २०२३ ला आमच्या कोल्हापुरातल्या शिवाजी चौकात दगडफेक झाली, दुकानं फुटली, पोलिसांना लाठ्या चालवाव्या लागल्या, जिल्ह्याचं इंटरनेट बंद करावं लागलं. निमित्त होतं मोबाइलवरच्या स्टेटसचं. त्या स्टेटसपायी अल्पवयीन पोरांवरही कारवाई झाली. वर्षभरानं, १४ जुलै २०२४ ला, विशाळगडावरच्या अतिक्रमणाच्या विरोधात निघालेला जमाव गडाजवळच्या गजापूर गावात घुसला आणि तिथली घरं आणि मशीद फोडली. गडावरच्या बांधकामांचा आणि त्या घरांतल्या बायापोरांचा काय संबंध होता?

हे दोन्ही प्रकार कुणा महाराजांनी किंवा मौलानांनी घडवून आणले, असं मी म्हणत नाही. माझ्याकडे तसा पुरावा नाही. पण शेजारच्याचं दार फोडायला निघालेला हात एका दिवसात तयार होत नाही. ‘ते’ आपले वैरी आहेत, त्यांच्याकडून माल घेऊ नका, घरात शस्त्र ठेवा, हे त्याच्या कानावर आधी बराच काळ पडत असतं. पेठेतल्या एखाद्या पोरानं हे म्हटलं तर तालमीतला वस्ताद त्याला गप्प करू शकतो. भगव्या कफनीतल्या किंवा हिरव्या फेट्यातल्या माणसानं म्हटलं, की ऐकणाऱ्याला ते धर्माचं काम वाटतं. म्हणून मला त्या पोरापेक्षा या वक्त्याची जास्त भीती वाटते.

कायदा करणाऱ्यांनाही हे कळत होतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९६ नुसार धर्माच्या नावानं समाजांत वैर पसरवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तोच गुन्हा प्रार्थनास्थळात किंवा धार्मिक विधीसाठी जमलेल्या लोकांपुढे केला, तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे देवाच्या दारात केलेली चिथावणी कायद्याला जास्त गंभीर वाटते. जुन्या दंड संहितेच्या १५३-अ मध्येही हेच होतं. व्यवहारात मात्र उलटं दिसतं. स्टेटस ठेवणाऱ्या पोराला रातोरात उचललं जातं आणि हजारोंच्या सभेत बोलणारा बंदोबस्तात गाडीत बसून पुढच्या गावाला जातो.

हरिद्वारला डिसेंबर २०२१ मध्ये धर्मसंसद भरली. तिथं मुसलमानांविरुद्ध शस्त्र उचलण्याची उघड भाषा झाली आणि ती चित्रफितीत साऱ्या देशानं पाहिली. तरी पहिली अटक व्हायला जानेवारी उजाडला. सर्वोच्च न्यायालयानं १२ जानेवारी २०२२ ला नोटीस काढली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस हलले. तेच पोलीस, तीच चित्रफीत, तोच कायदा. मग मधले दिवस कशासाठी गेले?

आपल्या राज्याबद्दलही न्यायालय बोललं आहे. मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या द्वेषपूर्ण भाषणांच्या अवमान याचिकेवर न्यायमूर्तींनी सरकार वेळेत काहीच करत नसल्याबद्दल फार कडक शब्द वापरले. पुढं २८ एप्रिलला न्यायालयानं सगळ्या राज्यांना बजावलं, की कुणी तक्रार करो न करो, बोलणारा कोणत्याही धर्माचा असो, पोलिसांनी स्वतःहून गुन्हा नोंदवायचा. टाळाटाळ झाली तर तो न्यायालयाचा अवमान धरला जाईल. आमच्या जिल्ह्यात शिवाजी चौकातला गोंधळ त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत झाला.

आता आपल्या टेबलावरचा मुद्दा. गुन्हा नोंदवायला, तपास करायला पोलिसांना कुणाची परवानगी लागत नाही. पण कलम १९६ चा खटला न्यायालयानं दाखल करून घ्यायचा, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी खटल्यांची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याच्या, कलम २१७ प्रमाणे सरकारची पूर्वमंजुरी हवी. राज्यात ती फाइल आपल्या खात्याकडे येते. तिथं ती किती दिवस पडून राहते, हे तक्रार करणाऱ्याला कळायला मार्ग नाही. मंजुरी नाकारली तर निदान कारण तरी कळावं. नुसतं ‘विचाराधीन’ म्हणत ठेवलेली फाइल त्या वक्त्याला अभयपत्रासारखीच आहे. पुढच्या सभेत तो आणखी पुढचं बोलतो.

हे सगळं कोल्हापुरातून लिहितोय, कारण इथं धर्मपीठाला जाब विचारणारा राजा होऊन गेला. राजोपाध्यांनी, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांनी, वेदमंत्रांनी विधी करायला नकार दिला तेव्हा शाहू महाराजांनी त्यांचं वतन काढून घेतलं. याच राजानं १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, म्हणजे मुस्लिम विद्यार्थ्यांचं वसतिगृह, उभं केलं. शिरोळ तालुक्यात कुरुंदवाडला आजही मशिदींत गणपती बसतो. मोहरमचे पंजे आणि गणेशोत्सव एकाच वेळी आले, तर आमची गावं दोन्ही एकाच मांडवात करतात. बाहेरून आलेला एखादा वक्ता तासाभरात या गावांत जे पेरून जातो, ते निस्तरायला गावाला काही वर्षं जातात. गजापूरच्या माणसांना विचारा.

माझी मागणी साधी आहे. कलम १९६ आणि २९९ (मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं) खाली मंजुरीसाठी आलेल्या प्रत्येक फाइलवर ठरावीक मुदतीत निर्णय द्या, तो जाहीर करा आणि नकार असेल तर कारण लिहा. ज्यांच्यावर असे गुन्हे आहेत, त्यांच्या सभेला परवानगी देताना चित्रीकरणाची अट घाला. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईतल्या एका सभेबाबत सर्वोच्च न्यायालयानं तसंच करायला लावलं होतं. ते चित्रीकरण पोलीस अधीक्षकांनी त्याच आठवड्यात पाहावं आणि गुन्हा नोंदवला की नाही, हे लेखी सांगावं. यात हिंदू, मुसलमान, कुणालाच सूट नको. टाळ्या आपल्या बाजूच्या आहेत म्हणून एखादी फाइल थांबत असेल, तर ती आधी काढा.

येत्या अधिवेशनात अशा किती फाइली आपल्याकडे आल्या, कितींना मंजुरी मिळाली आणि सगळ्यात जुनी फाइल कोणत्या तारखेची आहे, हे सभागृहात सांगावं, ही विनंती.

आपला,
एक कोल्हापूरकर