विकलेला परवाना परस्पर रद्द केल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
डिझाइन फाइल विक्री विभाग

विषय: सारस पक्ष्याच्या चित्राचा व्यावसायिक वापराचा परवाना रद्द करून पैसे परत न केल्याबाबत

महोदय,

मी गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातल्या एका गावात लेझर एनग्रेव्हिंगचं काम करतो. शिल्ड, नेमप्लेट, लग्नातल्या भेटवस्तू, दुकानाच्या पाट्या. दिवाळी झाली की आमच्या भागात गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्री नाटक नाहीतर दंडार (आमच्याकडचं लोकनाट्य) असते आणि पाहुण्यांना, कलाकारांना शिल्ड द्यायची पद्धत आहे. माझी खरी कमाई याच दिवसांतली. यंदा एका मंडई समितीनं १२० शिल्ड सांगितली. कप-बिप नको, आपला सारस पाहिजे, एवढीच त्यांची अट होती.

त्यासाठी तुमच्या साइटवरून सारसाच्या जोडीची एसव्हीजी, म्हणजे लेझर मशीनला देता येणारी रेघांच्या चित्राची फाइल घेतली. घरगुती वापराला २९० रुपये, व्यावसायिक वापराला १,४५०. मी १,४५० भरले. पावतीवर ‘व्यावसायिक वापर, नगांची मर्यादा नाही’ असं स्वच्छ लिहिलं आहे. पावती आणि त्या दिवशीच्या अटींची पीडीएफ सोबत जोडतो, कारण तुमच्या साइटवरचं अटींचं पान आता बदललेलं दिसतं.

माल तयार होऊन खोक्यात भरत असताना तुमचा ईमेल आला. मूळ चित्रकारानं हक्क सांगितल्यामुळे फाइल काढली आहे, तिचे सगळे परवाने रद्द, वापर थांबवा, तयार माल विकू नका. पैशांचं विचारलं तर डिजिटल वस्तू परत होत नाही असं उत्तर मिळालं, आणि वर पुढच्या खरेदीवर २० टक्के सवलतीचं कूपन. ज्यांच्याकडून घेतलेली परवानगी एका ईमेलनं हवेत जाते, त्यांच्याकडूनच मी आणखी परवानगी विकत घ्यावी, असं तुम्हाला वाटतं तरी कसं?

चित्रकाराशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगतो. ती फाइल उघडली तेव्हाच कळलं होतं की धानाच्या बांधीत उभा सारस जवळून पाहिलेल्या माणसानं हे काढलं आहे. मानेचा बाक, शेपटीवर लोंबणारी पिसं, पायाचा जोड, सगळं जागच्या जागी. नेटवर सारस म्हणून शोधलं तर निम्मे पक्षी जपानी क्रौंच निघतात. आमच्याकडचं शाळेतलं पोरगंही तो फरक सांगेल. त्या माणसानं हक्क मागितला तर बरोबरच केलं. माझा प्रश्न तुम्हाला आहे. त्याचं चित्र त्याला न विचारता तुमच्या दुकानात आलं कसं, आणि माझ्या १,४५० पैकी त्याच्या हातात काय पडलं?

फुकटचं चित्र मला मिळालं नसतं असं नाही. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयानं २०१७ साली आपल्या संग्रहातल्या हक्कमुक्त कलाकृतींची लाखो छायाचित्रं सीसी झिरोखाली, म्हणजे कुठलाही हक्क न राखता, खुली केली. ती कुणीही धंद्यात वापरावी. आपल्या कायद्यात चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी चित्रावरचा हक्क संपतो, म्हणून १९०६ साली वारलेल्या राजा रविवर्म्याची लक्ष्मी मी बिनधास्त कोरतो. जुन्या इंग्रजी पक्षीग्रंथांतली चित्रंही तशीच वापरता येतात, फक्त ती लेझरसाठी ट्रेस करत, म्हणजे त्यांवरून नव्यानं रेघा काढत बसावी लागतात. हे सगळं माहीत असून तुमच्याकडे आलो ते कुणी उद्या दारात येऊन विचारू नये म्हणून. मी पैसे दिले ते त्या निर्धास्तपणाचे. तोच तुमच्याकडे नव्हता.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ३० सांगतं की परवाना हक्काच्या मालकानं किंवा त्यानं नेमलेल्या प्रतिनिधीनं लेखी द्यायचा असतो. तुम्ही मालक नाही. प्रतिनिधी असाल तर नेमणुकीचा कागद दाखवा. कागद नसेल तर तुम्ही मला विकलं काय? कलम ६३ खाली हक्कभंगाला कैदेची शिक्षा आहे, आणि तुमच्या भरवशावर कोरलेली १२० शिल्ड माझ्या घरात पडून आहेत.

फाइलबद्दलही थोडं. पिसांच्या रेघा एकावर एक दोनदा होत्या, त्यामुळे लेझर त्याच जागेवरून दोनदा फिरून एमडीएफची (दाबलेल्या लाकडी भुशाच्या फळीची) कड काळी पडत होती. खाली ‘शुभेच्छा’ अक्षरं होती ती वेल्ड न करता, म्हणजे जोडून एकच आकार न करता दिलेली. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेघा एकमेकींवर चढतात. तशीच कटिंगला टाकली तर मशीन शिरोरेघेतूनच चिरा मारते आणि अक्षरं सुटी होऊन पडतात. ‘लेझरसाठी तयार’ असं लिहून विकता, तर देवनागरी कापून एकदा बघत जा. हे मी स्वतः दुरुस्त करून घेतलं होतं, त्याचे पैसे मागत नाही.

मागतो ते एवढं: फाइलचे १,४५० रुपये, वाया गेलेल्या १२० शिल्डांचा एमडीएफ, पॉलिश आणि खोक्यांचा खर्च (बिलं जोडली आहेत), आणि त्या चित्रकारापर्यंत माझा निरोप. त्यांनी त्यांचा दर सांगितला तर तो भरून, त्यांची लेखी परवानगी घेऊन मी हीच शिल्ड पुढच्या मंडईला देईन. समितीला यंदा नुसती अक्षरं कोरलेल्या पाट्यांवर भागवावं लागलं आणि त्यांनी ते मला ऐकवलंही.

‘तुम्ही धंदेवाले, ग्राहक नाही’ असं उत्तर पाठवू नका. एकच मशीन आहे, ते मीच चालवतो, लाईन असेल तेव्हा. स्वयंरोजगारातून पोट भरण्यापुरती केलेली खरेदी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी हेतूची धरली जात नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे या पत्राची पोच ४८ तासांत आणि निकाल एका महिन्यात द्यायचा असतो. नाही दिलात तर गोंदियाच्या जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करेन. तक्रारदार राहतो तिथे तो करता येतो, तुमच्या शहरात यायची मला गरज नाही.

फोन करू नका. जे काय सांगायचं ते लिहून पाठवा.

आपला ग्राहक,
लेझर एनग्रेव्हिंग व्यावसायिक,
ता. तिरोडा, जि. गोंदिया

सोबत: पावती, अटींची पीडीएफ, आपले दोन्ही ईमेल, साहित्याची बिलं, शिल्डाचा फोटो