कायद्याच्या केसलाच तारखेवर तारीख

संपादक साहेब, नमस्कार.

नांदेडात कोर्टाजवळ माझं झेरॉक्स-टायपिंगचं दुकान आहे, वीस वर्षं झाली, त्यामुळं केसचे कागद रोज हातातून जातात. मागं एक बाप चार्जशीटचे दोन गठ्ठे घेऊन आला, पोरगं युएपीएमधी, म्हणजे दहशतवादाच्या केसला लावतात त्या बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्यात, आत. कॉप्या काढण्यात सगळी दुपार गेली. त्याला वाचता येत नव्हतं, म्हणला दादा, माझ्या लेकराचं नाव जिथं जिथं आलंय तिथं पेनानं खूण करा, वकिलाला दाखवायला बरं पडतं. मी पान पान उलटलं, एवढ्या गठ्ठ्यात नाव निघालं अकरा पानांवर, त्यातली पाच तर नुसती पत्ता, अंगझडती आणि सहीची. त्या दिवसापासून हा कायदा मी स्वतः वाचायला लागलो.

कायदा १९६७ चा, पण मुंबईवरच्या हल्ल्यानंतर २००८ मधी त्यात ४३ डी कलम घातलं. चार्जशीटला ९० च्या जागी १८० दिवसांपर्यंत मुदत, आणि पोलिसांचे कागद बघून आरोप प्रथमदर्शनी खरा वाटला तर जामीन द्यायचाच नाही. २०१९ च्या वटाली निकालात सुप्रीम कोर्टानं वरून सांगितलं की जामिनाच्या वेळी पुरावा खोलात जाऊन तपासायचा नाही. मग तपासायचा कधी, तर खटला चालेल तेव्हा, आणि खटला चालायलाच वर्षं लागतात, तवर माणूस आतच.

लांब कशाला जायचं, आपल्या नांदेडच्याच दोघांना २०१२ मधी एटीएसनं, म्हणजे पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकानं, याच कायद्याखाली उचललं आणि २०२१ च्या जूनमधी मुंबईच्या स्पेशल कोर्टानं निर्दोष सोडलं. जवळपास नऊ वर्षं! त्याच केसमधी तिघांना शिक्षा झाली हेही खरं, ज्यानं केलं त्याला शिक्षा व्हायलाच पाहिजे, दहशतवादी हल्ल्यात ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख मला कळतं. पण या दोघांची नऊ वर्षं कोण भरून देणार? आणि याच कायद्याखाली पकडलेले, आदिवासींसाठी काम करणारे पाद्री स्टॅन स्वामी तर ८४ वर्षांचे, त्यांचं जामिनाचं प्रकरण हायकोर्टात चालू असतानाच ५ जुलै २०२१ ला गेले.

आता कोर्टात कायद्यालाच आव्हान दिलं त्याचं काय झालं बगा. टाडा आणि पोटा हे दहशतवादाविरोधातले जुने कायदे, त्यातला टाडा कोर्टानं १९९४ मधी वैध ठरवला, पोटा २००३ मधी. दोन्ही गेले ते कोर्टामुळं नाही, टाडाची मुदत १९९५ मधी वाढवली नाही म्हणून आणि पोटा २००४ मधी सरकारनं रद्द केला म्हणून, आणि त्याच वर्षी पोटातली बरीच कलमं युएपीएत आणून बसवली. २०१९ ला अजून एक दुरुस्ती झाली की खटला न चालवता सरकार एखाद्या माणसाला थेट दहशतवादी जाहीर करू शकतं. त्याच्या विरोधातल्या याचिका त्याच वर्षी सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे पाच वर्षांच्या वर थांबून, कोर्ट म्हणलं आधी हायकोर्टात जा. आणि आपल्या मुंबई हायकोर्टानं २०२५ च्या जुलैत एका वेगळ्या याचिकेवर हा कायदा घटनेला धरूनच आहे असं सांगितलं.

मला कोर्टाचा अवमान करायचा नाही, उलट माझा भरवसा तिथंच आहे. २०२१ मधी नजीब केसमधी सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय की खटला लवकर संपायची आशा नसंल तर हे कलम असलं तरी जामीन देता येतो. पण २०२४ मधी एकाच वर्षात फेब्रुवारीतलं एक बेंच म्हणतं या कायद्यात जेल हा नियम, आणि ऑगस्टमधलं दुसरं म्हणतं याही कायद्यात बेल हाच नियम. आता खालच्या जजसाहेबांनी कोणतं धरायचं? आणि त्या बापानं कामून नशिबावर सोडायचं की आपली केस कोणत्या बेंचपुढं येती?

मोठं घटनापीठ बसवून ४३ डी (५) चा, म्हणजे या जामिनाच्या अटीचा, एकदाचा काय तो निकाल लावा, आणि ज्याला जामीन देत नाहीत त्याचा खटला रोजच्या रोज चालवा. देवगिरीनं रात्रभर जागून मुंबईला जायचं, तिथं कळतं आज साक्षीदार आला नाही, की लगेच परत. त्या बापानं अशा किती चकरा मारल्या ते मी विचारायचंच सोडलंय.

आणि साहेब, तुमच्याकडंही एक मागणं आहे. या याचिका हायकोर्टात गेल्यावर पुढं काय झालं ते पेपरात सविस्तर छापत जा. दुकानावर लोक मलाच विचारतात आणि मला सांगता येत नाही.

आपला एक वाचक,
नांदेड