चिपमध्ये आधीच्या लेबलचा नंबर, आणि तक्रार ‘समाधान झाले’ म्हणून बंद

प्रति,
सेवा विभाग प्रमुख,

तुमच्या हेल्पलाइनचा फोन आत्ताच ठेवलाय, त्यामुळे नमस्कार-चमत्कार राहू द्या.

तुमचा इंजिनिअर सर्व्हिसिंगला आला, लेबल प्रिंटरमधलं आरएफआयडी मॉड्यूल (लेबलातल्या चिपवर रेडिओ लहरींनी नंबर लिहिणारा भाग) बदलून गेला, आणि तेव्हापासून लेबलवर छापलेला नंबर एक नि चिपमध्ये भलताच. भलताच म्हणजे नेमका आधीच्या लेबलचा. कागदावर ४१८, चिपमध्ये ४१७. रोलच्या पहिल्या लेबलात तर चिप बनवणाऱ्याचा नंबर तसाच राहतो. म्हणजे प्रिंटर छापतो एका लेबलवर आणि लिहितो मागून येणाऱ्या लेबलच्या चिपवर. लेबल बाद असल्याचा ‘व्हॉइड’ शिक्काही छापत नाही, कारण लिहिल्यावर वाचून खात्री करतो तीसुद्धा त्या शेजारच्याच चिपची. लिहायचं शेजारी, तपासायचं शेजारी, निकाल पास!

आम्ही टॉवेल पाठवतो. गिऱ्हाइकाच्या गोदामात खोकं न उघडता, चिपा वाचून गेटवरच मोजलं जातं. हँड टॉवेलची लेबलं संपवून बाथ टॉवेलची लावली की पहिल्या बाथ टॉवेलची चिप स्वतःला हँड टॉवेल म्हणवते. २४ नगांच्या खोक्यात २३ बाथ, १ हँड. खोकं परत, वर दंड आमच्या माथी.

आता तुमच्या तज्ज्ञांशी झालेला संवाद वाचा.

“सर, छपाई येतेय ना?” येतेय. “बारकोड स्कॅन होतोय ना?” होतोय. “मग सर, प्रिंटर ओके आहे.”

मी म्हटलं, अहो, चिपमध्ये चुकीचा नंबर जातोय. त्यावर, “चिप तर आत असते सर, तुम्हाला दिसली कशी?”

आरएफआयडी प्रिंटर विकणाऱ्या कंपनीचा माणूस मला हे विचारतो! हँडहेल्ड रीडरने वाचली, म्हटलं. थांबा म्हणाले. बराच वेळ तुमची जाहिरात ऐकली. मग, “रीडर आमच्या कंपनीचा आहे का? नाही ना? मग तोच चुकीचं वाचत असेल.” रीडर बरोबर एक नंबर मागचा वाचतो, प्रत्येक वेळी, हा त्याचा छंद असावा. शेवटी प्रिंटर बंद करून चालू करायला सांगितलं. केला. ४१९ छापलं, चिपमध्ये ४१८. हे सांगेपर्यंत फोन कट, आणि मेसेज आला: तक्रार बंद, ग्राहकाचे समाधान झाले. कुठल्या ग्राहकाचे, ते कळवावे.

चिपवर लिहिण्याची फ्रिक्वेन्सी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झवरच आहे, ती पाहून झाली. रोल तुमचाच, याच प्रिंटरवर आधी व्यवस्थित चालायचा. मॉड्यूल बदलल्यावर आमचा रोल लावून कॅलिब्रेशन करायला हवं होतं, म्हणजे लिहिण्याची पॉवर आणि जागा दोन्ही नीट बसतात. तुमच्या मॅन्युअलमध्येच तसं आहे. तुमच्या माणसाने ते केलं नाही, वर मेनूला सर्व्हिस पासवर्ड घालून गेला. आम्ही स्वतः करावं तर कुलूप, तुम्ही करावं तर तुम्हाला चिप दिसत नाही. मॉड्यूल तुम्ही बदललंत, बिघाड त्यानंतरचा आहे, हे पुन्हा लिहितोय कारण फोनवर कुणी ऐकून घेतलं नाही.

स्वस्तातला प्रिंटर घ्यायला सांगणाऱ्यांना मी तुमचं नाव पुढे करायचो. आता अक्कलकोट रोड एमआयडीसीत जो विचारेल त्याला वरचा संवाद ऐकवतो.

कॅलिब्रेशन येणारा माणूस या आठवड्यात पाठवा, वाया गेलेले रोल बदलून द्या, पासवर्ड लेखी द्या. नाहीतर एएमसीचा (वार्षिक देखभाल कराराचा) पुढचा हप्ता थांबेल आणि दंडाच्या रकमेसह वकिलाची नोटीस येईल. येणाऱ्याजवळ हँडहेल्ड रीडर असावा. नसल्यास आमचा देऊ, तुमच्या कंपनीचा नसला तरी.

पॅकिंग विभाग प्रमुख,
सोलापूर