नोल्डे केवळ बळी नव्हता

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील जर्मन चित्रकार एमिल नोल्डे (१८६७–१९५६) याच्यावरील लेख वाचला. त्याच्या एचिंगविषयी (धातूचा पत्रा आम्लाने कोरून त्यावरून कागदावर छापलेल्या चित्रांविषयी) लेखकाने आत्मीयतेने लिहिले आहे, ते योग्यच आहे. सुईने रेघा ओढण्याचे हे माध्यम नोल्डेने ब्रशने हाताळले; पत्र्यावर तो थेट ब्रश फिरवी आणि आम्ल धातूला कुठे किती खाईल, हे बरेचसे दैवावर सोडी. १९१० मध्ये हॅम्बुर्ग बंदरात केलेल्या एचिंगमधील बोटींच्या धुराला जो दाणेदार काळेपणा आहे, तो असाच आलेला आहे. 'डी ब्रुके' या जर्मन अभिव्यक्तिवादी गटातल्या तरुण चित्रकारांना एचिंगची ओळख करून देण्यातही त्याचा वाटा मोठा होता.

लेखाच्या उत्तरार्धात मात्र नोल्डेला नाझींचा केवळ बळी आणि विरोधक म्हणून रंगवले आहे; त्याच्याशी सहमत होता येत नाही. नाझी राजवटीने त्याच्या हजाराहून अधिक कलाकृती संग्रहालयांतून जप्त केल्या, १९३७ च्या म्युनिकमधील 'विकृत कला' प्रदर्शनात त्याची चित्रे टिंगलीसाठी टांगली आणि १९४१ मध्ये त्याच्यावर व्यवसायबंदी लादली, हे सारे खरे. पण छळ झाला म्हणून माणूस विरोधक ठरत नाही. १९३४ मध्ये तो डेन्मार्कच्या हद्दीतील उत्तर श्लेस्विगमधील नाझी पक्षाचा सभासद झाला होता. त्याच्या आदल्याच वर्षी त्याने माक्स पेखश्टाइन हा चित्रकार ज्यू असल्याचे अधिकाऱ्यांच्या कानावर घातले. पेखश्टाइन ज्यू नव्हता (असता, तरी चहाडी ती चहाडीच). स्वतःची चित्रे जप्त झाल्यावरही नोल्डेची निष्ठा ढळली नाही. आपली कला अस्सल जर्मन असल्याचे पटवण्यासाठी तो थेट नाझी प्रचारमंत्री गोबेल्सकडे अर्जविनंत्या करत राहिला.

युद्धानंतर कथेतला छळ तेवढा राहिला. आत्मचरित्राच्या नंतरच्या आवृत्तीतून ज्यूद्वेषाचे उतारे गळाले आणि बंदीच्या काळात चोरून केली म्हणून गाजलेल्या छोट्या जलरंगचित्रांचे मिथक रूढ झाले. २०१९ च्या बर्लिनमधील प्रदर्शनाने कागदपत्रांनिशी ते मोडीत काढले, आणि तत्कालीन जर्मन चॅन्सलर अँगेला मर्केल यांच्या कार्यालयातून नोल्डेची दोन चित्रे त्याच सुमारास उतरली.

ती एचिंग दाखवूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. ती पाहण्यासारखीच आहेत. पण लेखासोबतच्या जीवनपटाच्या चौकटीत १९४१ च्या बंदीबरोबर १९३४ चे सभासदत्वही असायला हवे होते. पुढील अंकात ही दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक